एकतर्फी सामन्याचे खापर मुलांवर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी एका मराठी वाहिनीवर शालेय विद्यार्थ्यांच्या राज्यस्तरीय प्रश्नमंजुषेचा उपउपान्त्य सामना दाखवण्यात आला आणि त्यात सोलापूरच्या एका शाळेचा संघ ३१० विरुद्ध ३० अशा गुणांनी हरला. हार-जीत चालायचीच, आणि विजयी संघ खरोखरच उत्तम खेळला याबद्दल माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही. परंतु त्यानंतर शहरात जे बोलले गेले, व्हॉट्सॲपवर जी चित्रफीत फिरली, आणि पुढील वर्षी संघच पाठवू नये असा जो विचार त्या शाळेत चालू असल्याचे पालकांकडून कळते, त्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग पडले. चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुलांनी ‘सोलापूरचे नाक कापले’ ही भाषा अन्यायाची आहे. मुलांविषयीची माया बाजूला ठेवली आणि तो सामना कागद-पेन्सिल घेऊन पाहिला, तरीही ती भाषा टिकत नाही, हे मला या पत्रातून दाखवायचे आहे.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची पद्धत आधी सांगतो. प्रत्येक फेरी एका खुल्या प्रश्नाने सुरू होते. दोन्ही संघांतील आठही स्पर्धकांपुढे एकेक बझर असतो. जो आधी दाबेल त्याचा दिवा लागतो, उरलेले सात बझर त्याच क्षणी बंद पडतात, आणि उत्तर देण्याचा हक्क त्या एकट्याला मिळतो. उत्तर बरोबर आले की १० गुण, आणि शिवाय त्याच्या संघाला आपसात चर्चा करून सोडवण्यासाठी प्रत्येकी ५ गुणांचे आणखी तीन ‘जोडप्रश्न’. प्रश्न वाचून पूर्ण होण्याआधी बझर दाबला आणि उत्तर चुकले, तर ५ गुण कापले जातात व दुसऱ्या संघाला तोच प्रश्न पूर्ण ऐकून उत्तर देण्याची संधी मिळते. ब्रिटनमध्ये १९६२ साली सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या विद्यापीठीय प्रश्नमंजुषेची हीच घडण आहे, आणि तिचे मूळ अमेरिकेतील ‘कॉलेज बोल’ या कार्यक्रमात आहे. आपल्या शाळांमधून वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत मात्र वेगळी आहे. तेथे प्रश्न पाळीपाळीने प्रत्येक संघाला विचारला जातो आणि उत्तर आले नाही तर पुढच्या संघाकडे जातो. त्या पद्धतीत प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण सारखेच प्रश्न येतात. या पद्धतीत तसे होत नाही, आणि सगळी मेख येथेच आहे.

मी आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे गुणफलक दिसला की त्याची फोड करून पाहण्याची सवय आहे. सामन्याचे ध्वनिचित्रमुद्रण पुन्हा लावून प्रश्नागणिक नोंद केली, ती अशी. एकूण अठरा खुले प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी पंधरा विजयी संघाने घेतले, दोन सोलापूरने घेतले आणि एकाचे उत्तर कोणालाच आले नाही. पंधरा खुल्या प्रश्नांचे १५० गुण, त्यामागून आलेल्या पंचेचाळीस जोडप्रश्नांपैकी बत्तीस बरोबर, म्हणजे १६० गुण, मिळून ३१०. सोलापूरचे दोन खुल्या प्रश्नांचे २० गुण, सहा जोडप्रश्नांपैकी चार बरोबर म्हणून आणखी २०, आणि दोन वेळा घाईने दाबलेल्या बझरचे १० गुण वजा, मिळून ३०.

आता यातील जोडप्रश्नांचा भाग वेगळा काढून पाहावा. जोडप्रश्नांत बझर नसतो, शर्यत नसते. चौघांनी डोकी एकत्र करायची आणि माहीत असेल ते सांगायचे, इतकेच. तेथे विजयी संघाने पंचेचाळीसपैकी बत्तीस, म्हणजे शेकडा ७१ उत्तरे बरोबर दिली. सोलापूरने सहापैकी चार, म्हणजे शेकडा ६७. सहा प्रश्नांवरून ठाम निष्कर्ष काढू नये, हे मला समजते, आणि दोन्ही संघ अगदी बरोबरीचे होते असा दावाही मी करत नाही. पण ज्या एका ठिकाणी दोघांना निवांतपणे विचारले गेले, तेथे दहापटीचे अंतर सोडाच, डोळ्यांत भरेल एवढेही अंतर दिसले नाही, ही गोष्ट गुणफलक पाहून हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. उरलेले पंचेचाळीस जोडप्रश्न या मुलांना कोणी विचारलेच नाहीत. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना येत नव्हती, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

हाच मुद्दा टोकाला नेऊन पाहता येतो. समजा, दोन्ही संघांना अठराच्या अठरा खुल्या प्रश्नांची आणि त्यामागच्या सर्व जोडप्रश्नांची उत्तरे येतात. दोघांच्या ज्ञानात तसूभरही फरक नाही. फक्त एक संघ दर वेळी अर्धा सेकंद आधी बझर दाबतो. एका खुल्या प्रश्नामागे जास्तीत जास्त २५ गुण मिळत असल्यामुळे निकाल लागेल ४५० विरुद्ध शून्य. अर्ध्या सेकंदाचा फरक साडेचारशे गुणांचा होऊन पडद्यावर दिसेल, आणि घरोघरी लोक म्हणतील की त्या दुसऱ्या संघाला काहीच येत नव्हते.

त्या सामन्यातील एक क्षण मी अनेकदा थांबवून पाहिला. तो सोलापूरकरांनी तरी पाहायलाच हवा. दहावा खुला प्रश्न असा होता: १९३८ साली काँग्रेसने युद्धग्रस्त चीनमध्ये पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठवले, त्यांपैकी चीनमध्येच राहून रुग्णसेवा करणारे आणि १९४२ साली तेथेच निधन पावलेले, सोलापुरात जन्मलेले डॉक्टर कोण? डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव सोलापूरच्या मुलांना सांगावे लागत नाही. पण समोरच्या संघातील मुलाने ‘पाच डॉक्टरांचे’ हे शब्द पुरते उच्चारले जाण्याच्या आतच बझर दाबला. त्या घडीला प्रश्न पाचांपैकी कोणाबद्दल आहे हे कोणालाही निश्चित सांगता आले नसते. पण प्रश्न काढणारा विचारील तर कोटणीसांबद्दलच विचारील, हे त्या मुलाने ओळखले आणि जोखीम घेतली. ही त्याची हुशारी आहे आणि तिला दाद दिलीच पाहिजे. त्याच क्षणी कॅमेरा सोलापूरच्या बाजूला वळतो. दुसऱ्या खुर्चीवरील मुलीचा अंगठा बझरवर टेकलेला आहे, नजर सूत्रसंचालकांकडे आहे, आणि दिवा समोर लागल्यानंतर तिचे ओठ हलताना स्पष्ट दिसतात. त्या ओठांवर कोणते नाव होते, हे सांगायला ओठांची भाषा जाणणारा माणूस लागत नाही.

ती का थांबली, याचे उत्तर त्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. तिसऱ्या आणि सहाव्या प्रश्नाला सोलापूरच्या कर्णधाराने घाईने बझर दाबला होता, दोन्ही उत्तरे चुकली, गुण कापले गेले, आणि समोरच्या संघाने ते दोन्ही प्रश्न पूर्ण ऐकून शांतपणे खिशात घातले. त्यानंतर चौघेही मुले प्रश्न संपेपर्यंत हात आखडून बसू लागली. आपण शिक्षक वर्गात पहिलीपासून हेच सांगत आलो आहोत की प्रश्न पूर्ण ऐका, मग हात वर करा. आणि वर्गासाठी ते योग्यच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतही प्रश्न नीट वाचणाऱ्याचे भले होते. या खेळात मात्र प्रश्न पूर्ण ऐकणाऱ्याला प्रश्न मिळतच नाही. ही मुले शिकवल्याप्रमाणे वागली आणि म्हणून मागे पडली.

त्यांना हे कौशल्य अंगभूतच नव्हते असेही नाही. चौदाव्या प्रश्नात ‘शंभरपेक्षा लहान असलेली सर्वांत मोठी मूळ’ एवढे शब्द होताच कर्णधाराने दाबला आणि ‘सत्त्याण्णव’ म्हणून मोकळा झाला. ‘संख्या कोणती’ हे ऐकण्याची त्याला गरज वाटली नाही. जो विषय हाताखालचा, तेथे त्याचा अंगठा अचूक चालला. एका पालकांनी सांगितले की मुलांनी शाळेत सराव केला तो बाकावर हात आपटून. खरा बझर त्यांनी हातात घेतला तो थेट चित्रीकरणाच्या दिवशी. समोरच्या संघाची बसण्याची ढब, एकमेकांकडे न पाहता विषय वाटून घेण्याची सवय आणि दिवा लागल्यावर क्षणभर थांबून उत्तर देण्याची पद्धत पाहता त्यांचा सराव दीर्घकाळचा असणार, हे कोणालाही कळेल. त्यांनी मेहनत केली, त्यांना फळ मिळाले. यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

एकतर्फी सामने ही काही सोलापूरची मक्तेदारी नाही. वर उल्लेख केलेल्या ब्रिटिश कार्यक्रमात १९७१-७२ च्या हंगामात ससेक्स विद्यापीठाच्या संघाला अवघे १० गुण मिळाले, आणि तो तेथील नीचांक मानला जातो. आता याच ससेक्स विद्यापीठाने ही स्पर्धा १९६७ आणि १९६९ अशी दोनदा जिंकली होती, हे लक्षात घेतले की त्या १० गुणांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दोन-तीन वर्षांत एखाद्या विद्यापीठाची बुद्धी आटून जात नाही. २००९ साली ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाने एक्झेटर विद्यापीठाला ३५० विरुद्ध १५ असे हरवले. तोही उपउपान्त्य सामनाच होता, म्हणजे एक्झेटरचा संघ तत्पूर्वी इतरांना हरवूनच तेथवर पोहोचला होता. आपला संघसुद्धा दोन फेऱ्या जिंकून या सामन्यात आला होता. त्या दोन सामन्यांची चित्रफीत मात्र कोणी कोणाला पाठवलेली नाही. (कॉर्पस क्रिस्टीने पुढे अंतिम सामनाही जिंकला, पण संघातील एक सदस्य दरम्यानच्या काळात तेथील विद्यार्थी राहिला नव्हता असे आढळल्याने विजेतेपद काढून घेऊन मँचेस्टरला देण्यात आले. या खेळात शेवटचा शब्द गुणफलकाचा असतोच असे नाही.)

वाहिनीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. गुण १६५ विरुद्ध ५ असे झाले असताना सूत्रसंचालकांनी ‘सोलापूरकर, जागे आहात ना?’ असे विचारले आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. मोठ्या माणसांच्या खेळात असा चिमटा खपून जातो. परगावी, झगझगीत दिव्यांखाली, आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसलेल्या नववीच्या मुलांना तो कसा लागला असेल, याचा विचार व्हायला हवा होता. त्याहून खेदाची बाब अशी की हेच वाक्य आणि मुलांचे खाली गेलेले चेहरे पुढील भागाच्या जाहिरातीत वारंवार दाखवले जात आहेत, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा तुकडा त्या जाहिरातीतूनच घेतलेला आहे. ही मुले अल्पवयीन आहेत. त्यांच्या पालकांनी स्पर्धेत भाग घेण्यास संमती दिली होती, हसे करून घेण्यास नव्हे. वाहिनीने ती जाहिरात तातडीने थांबवावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे जाहीर विनंती आहे.

कार्यक्रमाच्या पद्धतीतही थोडा बदल सहज शक्य आहे. बझरची चुरस काढून टाका असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण खेळाची खुमारी तीच आहे आणि वेगाने आठवणे हाही बुद्धीचा एक गुण आहे. परंतु शालेय स्पर्धेत मध्यंतरी एक फेरी पाळीपाळीने प्रश्न विचारण्याची ठेवली, तर मागे पडलेल्या संघालाही निदान काही प्रश्न हक्काने मिळतील, त्याला सावरायला अवधी मिळेल, आणि प्रेक्षकांनाही कळेल की ही मुले काय जाणतात. विजेता त्याने बदलेलच असे नाही. रविवारच्या सामन्यात तर तो बदलला नसता, असेच मला वाटते.

आता शाळेविषयी. शाळेचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही, कारण त्या संस्थेविषयी माझ्या मनात आदर आहे आणि मुलांना राज्यपातळीवर घेऊन जाण्याचे धाडस तिने केले. पण पुढील वर्षी संघ न पाठवण्याचा निर्णय झालाच, तर त्याचा अर्थ मुले एकच काढतील, तो म्हणजे आपण शाळेची लाज घालवली. शहरातील इतर शाळाही त्यातून धडा घेतील आणि ‘नसती आफत कशाला’ म्हणून अर्ज भरणार नाहीत. या संघातील दोन मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांचे आजोबा-पणजोबा सोलापूरच्या गिरण्यांत आणि मागांवर राबले, आणि ही मुले दूरचित्रवाणीवर अस्खलित मराठीत उत्तरे देत होती. सोलापूरला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. हशाच्या गदारोळात ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

सरावाला फार पैसा लागतो हा समज चुकीचा आहे. आठ बटणे, आठ दिवे आणि पहिले बटण दाबताच बाकीची बंद करणारे एक साधे सर्किट, एवढेच काय ते साहित्य. आपल्या शहरात तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांना असा संच प्रकल्प म्हणून करता येईल. एक संच चार-पाच शाळांनी मिळून वापरला तरी चालेल. शनिवारची शाळा सकाळची असते, तेव्हा दुपारी तासभर काढणे अवघड नाही.

सराव कसा करावा याविषयीही थोडे लिहितो, कारण ‘सामान्यज्ञानाची पुस्तके पाठ करा’ एवढ्यावरच आपल्याकडे हा विषय संपतो. शिक्षकांनी प्रश्न मोठ्याने, एका लयीत वाचावा आणि मुलांनी बझर दाबताच थांबावे. मग फळ्यावर पूर्ण प्रश्न लिहून कोणत्या शब्दापाशी उत्तर निश्चित झाले, हे सर्वांनी मिळून शोधावे. ‘नान्नज येथील अभयारण्य कोणत्या पक्ष्यासाठी प्रसिद्ध आहे’ या प्रश्नात ‘नान्नज’ ऐकताच आपल्या मुलांना माळढोक आठवतो. पण प्रश्न तेथून तालुक्याकडे किंवा माळढोकाच्या इंग्रजी नावाकडेही वळू शकतो. म्हणून ‘कोणत्या पक्ष्या’ इथपर्यंत थांबणे शहाणपणाचे, त्यापुढे थांबणे म्हणजे संधी घालवणे. ‘१९३० साली मार्शल लॉ’ एवढे ऐकून सोलापूर म्हणावे, की प्रश्न पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या नावांकडे जाईल, याचा अंदाज वाक्याच्या रचनेवरून बांधता येतो. प्रश्न ‘कोणत्या शहरात’ने सुरू झाला आहे की सनाने, यावर बरेच अवलंबून असते. किती गुणांनी पुढे किंवा मागे असताना जोखीम घ्यावी, हा तर सरळ गणिताचा भाग आहे: पाच गुण गमावण्याच्या भीतीने पंचवीस गुणांची संधी सोडायची का, हा हिशेब मुलांनी वहीत मांडून केला की अंगठ्याची भीती जाते. एका शैक्षणिक वर्षाच्या नेमक्या सरावाने ही सवय मुलांच्या अंगवळणी पडू शकते, असा माझा विश्वास आहे.

या स्पर्धेत आठवी ते दहावीचे विद्यार्थी घेतले जातात, आणि आपल्या संघातील चौघांपैकी तिघे सध्या नववीत आहेत. पुढील वर्षी ते पुन्हा पात्र असतील, आणि बझर म्हणजे काय हे आता त्यांना अनुभवाने कळले आहे. तेव्हा शाळेने नवा संघ निवडताना याच तिघांना प्रथम विचारावे, चौथ्या जागेसाठी शाळेतच बझरवर निवड चाचणी घ्यावी, आणि अर्ज मुदतीत भरावा. शाळेची संमती असल्यास प्रश्न काढून आणि वाचून देण्याचे काम मी व माझे दोन निवृत्त सहकारी आनंदाने करू. बझरचा पहिला संच जोडून देण्याचे माझ्या एका माजी विद्यार्थ्याने कबूल केले आहे, आणि तो दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तयार होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक,
उत्तर कसबा, सोलापूर